मिरचीची रोपं अडकली आहेत? खताची पुडी आधी बाजूला ठेवा

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा ना’ बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय घरातल्या घरात, लाइटखाली वाढवलेल्या रोपांचा. बी रुजतं, दोन पानं येतात, आपण स्टेटसला फोटो टाकतो आणि मग काहीच होत नाही. दहा दिवस, पंधरा दिवस, रोप जिथल्या तिथे. मरत नाही, वाढतही नाही.

ठाण्याहून एका श्रोतीचा मेसेज आला होता. तिच्या आजीच्या परड्यात लवंगी मिरची असायची. आजी गेली, गावचं घर बंद झालं, आणि सामान आवरताना एका पुरचुंडीत १४ बिया सापडल्या. तिने सगळ्या पेरल्या आणि ६ उगवल्या. उगवून २६ दिवस झाले तरी प्रत्येक रोपाला बीजपत्रांची जोडी आणि वर दोन बारकी पानं, बस्स. मेसेजच्या शेवटी प्रश्न होता, “दादा, खताचा डबल डोस देऊ का?”

माझं उत्तर एकच होतं: आजच्या आज काहीही देऊ नका. ही सहा रोपं गेली तर ते बी परत कुठून आणणार?

माझं पोट कोडवर चालतं, त्यामुळे सवय अशी की काही अडकलं तर आधी लॉग बघायचा, मग हात लावायचा. रोपाचाही लॉग असतो. तो मातीत असतो, पानांत असतो आणि थोडा आपल्या घराच्या सवयींत असतो.

पहिला प्रश्न, रोप खरंच अडकलंय का? मिरची मुळातच निवांत पीक आहे. नर्सरीत टोमॅटोचं रोप पेरणीपासून २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं, मिरचीला ३५ ते ४५ दिवस लागतात. सुरुवातीचे दोन आठवडे वर काही दिसत नाही, कारण सगळं काम खाली मुळांचं चाललेलं असतं. टोमॅटोचा व्हिडिओ बघून मिरचीवर चिडण्यात अर्थ नाही. पण उबदार जागेत, बऱ्या उजेडात २६ दिवसांनी चार-सहा खरी पानं दिसायला हवीत. दोनच असतील तर हो, अडकलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. यावर थोडं जास्त बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात फोटोंत मला हेच दिसतं. मुळांना पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, मुळांना हवा लागते हे कोणी सांगत नाही. कोकोपीटच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांतून मुळं श्वास घेतात. रोज सकाळी चहाबरोबर रोपांनाही घोट पाजलात की त्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहतात. गुदमरलेलं मूळ पाणीही उचलत नाही आणि अन्नही नाही. मग पानं मलूल दिसतात, आपल्याला वाटतं तहान लागलीय, आणि आपण अजून पाणी घालतो. इन्फिनिट लूप. त्यातच बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं, देठ मातीलगत काळं पडून बारीक होतं आणि रोप आडवं होतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. तिथून परत फिरता येत नाही.

ओलावा बोट लावून कळत नाही, कारण वरचा थर सुकलेला आणि तळ चिंब असं सर्रास असतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कप पोटभर भिजवून, निथळू देऊन वजन लिहून ठेवा. आलेल्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांशावर उतरेपर्यंत पाणी नाही. चार दिवसांत हाताला अंदाज येतो, मग काटा डाळीला परत द्या. आणि कपाला खाली भोकं हवीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

दुसरी गोष्ट ऊब. मिरचीच्या मुळांना २५ ते ३० अंश आवडतं, १५च्या खाली ती जवळपास संपावर जातात. ‘ठाण्यात कसली थंडी’ असं वाटेल. पण या ताईंचा ट्रे बेडरूममध्ये, एसीच्या बरोबर खाली, फरशीवर होता. एसी रात्रभर २२वर. ओल्या कोकोपीटमधून पाणी उडताना माठासारखा गारवा तयार होतो, वर फरशी थंड. त्यांनी किचन थर्मामीटर कोकोपीटमध्ये खुपसला तर आकडा आला १९. खोलीचं तापमान आणि मुळांचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक खूण: पानांच्या खालच्या बाजूला जांभळट छटा. नेटवर याचं उत्तर ‘फॉस्फरस कमी’ असं मिळतं. फॉस्फरस बऱ्याचदा कपात असतोच, गार मुळांना तो उचलता येत नाही. अर्थात, मिरचीच्या काही जातींच्या पेरांवर जांभळा रंग मुळातच असतो, तेवढ्याने घाबरू नका.

तिसरा उजेड. आपले डोळे इथे पक्के फसवतात. दिवा लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे १०० ते ३०० लक्स असतात, आणि बाहेर भर उन्हात एक लाखाच्या आसपास. रोपांना १० ते १५ हजार लक्स, रोज १४ ते १६ तास, एवढं पुरतं. फोनवर लक्स मोजायचं फुकट ॲप टाका. ते अचूक नसतं, पण ५०० आणि १०,००० यांतला फरक नक्की कळतो. ताईंचा ९ वॉटचा साधा पांढरा एलईडी बल्ब दोन फुटांवर होता, आकडा ५००च्या आत-बाहेर. रोपं काडीसारखी लांब होऊन एका बाजूला झुकलेली होती, ती उजेड शोधत होती. महागडा जांभळा लाइट घ्यायची गरज नाही. अंतर चौथ्या भागावर आणलं की उजेड ढोबळमानाने सोळापट होतो. तोच बल्ब अर्ध्या फुटावर आणा, शेजारी अजून एक लावा, झालं. एक मात्र, उजेड एका दिवसात सोळापट वाढवू नका, आठवडाभरात हळूहळू खाली आणा. पानं फिकट पडून कडा वर वळू लागल्या तर जास्त झालं समजा.

इथे जरा आडवं जातो. ‘ग्रो टेंट’ किंवा ‘सीडलिंग स्लो ग्रोथ’ असं सर्च केलं की निम्मे परदेशी व्हिडिओ गांजाच्या रोपांचे असतात. दोघा-तिघांनी मला तेही विचारलं, म्हणून एकदाच सांगतो. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली विनापरवाना गांजाचं झाड लावण्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कुंडीत एकच होतं, ही पळवाट नाही. आणि त्या व्हिडिओंमधले खताचे, लाइटचे आकडे त्या झाडासाठी असतात. ते मिरचीवर चालवाल तर कोवळी पानं भाजतील.

चौथी गोष्ट खास आपल्या घरांतली: आरओचं वाया जाणारं पाणी. ते बादलीत धरून झाडांना घालायची सवय चांगली आहे, मोठ्या झाडांसाठी. हिशोब बघा. नळाचं पाणी ३०० पीपीएम असेल आणि मशीन निम्मं पाणी शुद्ध करून निम्मं फेकत असेल, तर जवळपास सगळे क्षार त्या फेकलेल्या निम्म्यात जातात, म्हणजे साधारण ६०० पीपीएम. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आकडा हजाराच्या पार. छोट्या कपातून पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचतात. स्वस्त कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातही आधीच मीठ असतं. कपावर पांढरी खरवड आणि पानांची टोकं करपलेली दिसली तर इथे शोधा. कपात हळूहळू साधं पाणी घालून खाली निथळलेलं पाणी टीडीएस पेनने मोजा. घातलेल्यापेक्षा निथळलेलं फारच जास्त आलं तर क्षार साचलेत. उपाय म्हणजे कपाच्या तिप्पट साधं पाणी सावकाश सोडून धुणं. पण हे उबदार दिवशी, कप हलका झालेला असतानाच करा, नाहीतर पहिल्याच अडचणीत परत जाल.

पानं होडीसारखी वळलेली, चुरगळलेली असतील तर तो बोकड्या. भिंगातून पानाची खालची बाजू बघा, फुलकिडे किंवा कोळी सापडतील. तसं रोप बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा. हा वेगळा एपिसोड होईल.

आणि खत? ते शेवटी. पहिले दहा-बारा दिवस बीजपत्रांतल्या शिदोरीवर निघतात. खरी पानं आल्यावर एकोणीस-एकोणीस-एकोणीस लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुरे. अडकलेल्या मुळांना डबल डोस देणं म्हणजे उलट्या होणाऱ्या माणसाला पुरणपोळीचा आग्रह करणं.

नियम म्हणून मी एका वेळी एकच बदल करायला सांगतो, आणि पाच-सात दिवस थांबायला. नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. इथे पाणी आणि ऊब मात्र एकत्र हाताळली, कारण गार मूळ पाणी पीत नाही आणि न प्यायलेलं पाणी अजून गार करतं, दोन्ही एकाच धाग्यात अडकलेले. ट्रे एसीबाहेर हॉलमध्ये आला, खाली थर्माकोलचा तुकडा. पाणी वजनावर आणि नळाचं. बल्बला आठवडाभर हात लावला नाही.

पाचव्या दिवशी दोन रोपं कोलमडली. ताईंचा मेसेज रात्री साडेअकराला आला, फक्त फोटो, शब्द नाही. मी त्यांना ती रोपं उपटून मुळं बघायला सांगितली. तपकिरी, मऊ, बोटाने सोललं तर साल हातात. नुकसान आधीच झालेलं होतं. उरलेल्या चारपैकी एका कपाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावत होतं. नवव्या दिवशी त्याच रोपाच्या शेंड्यात नवं पान दिसलं. लक्ष शेंड्याकडेच ठेवायचं. जुनी पानं सुधारत नाहीत, त्यांच्यावरून निकाल लावू नका. त्यानंतर बल्ब खाली आणला, तिसऱ्या आठवड्यात चारही रोपांना सहा-सहा पानं.

आता चार झाडं मोठ्या कुंड्यांत आहेत आणि फुलं यायच्या बेतात. मिरचीत स्वपरागीकरण होतं, पण मधमाश्या शेजारच्या गॅलरीतल्या ढोबळीचा परागही आणून टाकतात. म्हणून कळ्या उमलायच्या आधी प्रत्येक झाडाच्या एका फांदीवर बारीक जाळीची पिशवी बांधायची आणि फुलं आली की ती फांदी रोज हलकेच हलवायची. मिरच्या धरल्या की पिशवी काढा, फळांच्या देठाला दोरा बांधून खूण करा, आणि ती झाडावरच लाल होऊन सुरकुतेपर्यंत तोडू नका. निघालेलं बी सावलीत वाळवून दोन पुरचुंड्यांत ठेवायचं, एक स्वतःकडे आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. आणि यंदा पेरताना सगळ्या बिया एकदम नाही पेरायच्या, एवढं ताईंनी आत्ताच कबूल केलंय.