दप्तराची किल्ली आणि पासवर्ड

शिरूर कासार हा बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी एक. दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कित्येक महिने गावाबाहेर राहतात. त्यांच्या जमिनीच्या, जन्ममृत्यूच्या व अनुदानाच्या नोंदी या काळात सर्वस्वी शासकीय कार्यालयांच्या स्वाधीन असतात. त्यांत कोणी ढवळाढवळ केली, तर उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाला ती कळणार कशी? संगणकीय माहितीची सुरक्षितता हा प्रश्न म्हणूनच खेड्यापाड्यांचाही आहे.

किल्ली बदलली, जबाबदारी तीच

कोषागारातील तिजोरीला दुहेरी कुलूप असते व तिच्या किल्ल्या दोन जबाबदार व्यक्तींकडे असतात. ही शिस्त कोणाला जाचक वाटत नाही. पासवर्ड ही आजच्या दप्तराची किल्लीच होय. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तेव्हा स्वाक्षरीचे डोंगल दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे सही करून कोरा कागद देण्यासारखेच आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील ग्रामपंचायतीच्या नावे २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले व पोलीस तपास सुरू झाला.

केवळ परिपत्रक पुरेसे नाही

कर्मचारी नियम मोडतो तो बहुधा बेइमानीने नव्हे. वीज गेलेली असते, सर्व्हर मंद असतो, दाराशी लोक खोळंबलेले असतात. मग विश्वासातल्या ऑपरेटरला पासवर्ड सांगितला जातो. अशा वेळी नुसत्या ताकिदीचा उपयोग मर्यादित असतो. प्रत्येकास स्वतंत्र लॉगिन द्यावे, रजेच्या काळातील कामाची रीतसर व्यवस्था असावी आणि बदली होताच जुने लॉगिन बंद करावे. मुख्य म्हणजे वरिष्ठांनी स्वतःचा पासवर्ड लिपिकाच्या हवाली करू नये. साहेब जे करतात तेच कार्यालय शिकते.

संशयास्पद दुवा चुकून उघडणाऱ्याने ते तत्काळ सांगावे, असे वातावरणही हवे. सायबर घटनेची खबर सहा तासांच्या आत द्यावी, असा केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेचा २०२२ चा निर्देश आहे. रागावण्याच्या भीतीने लपविलेली चूक ही मुदत केव्हाच ओलांडते.

हिताची जाणीव

संगणकात नोंद राहते ती लॉगिन ज्याचे त्याच्या नावाची. दुसऱ्याने केलेल्या कृत्याचा जाब प्रथम त्यालाच द्यावा लागतो. दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पासवर्ड गुप्त ठेवणारा कर्मचारी स्वतःची नोकरी सांभाळतो आणि गावाबाहेर गेलेल्या ऊसतोड कामगाराचा सातबाराही.