थंडीच्या दिवसांत दमाचा खिमा

ओझर-निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध! पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि संध्याकाळी घरी परतलेल्या माणसांना गरम, झणझणीत काहीतरी हवे असते. अशा वेळी, भगिनींनो, खिमा करा. अर्धा किलो मटणाचे तुकडे वाढताना हात आखडतो. खिम्यात मटार-बटाटा पडला की तेवढाच सहाजणांना पुरतो आणि शेवटी जेवणारीच्या ताटातही येतो.

साहित्य : अर्धा किलो खिमा, 3 कांदे, 2 बटाटे, 1 वाटी मटार, अर्धी वाटी भाजलेले सुके खोबरे, आले-लसूण, 2 चमचे काळा मसाला, हळद, तेल, मीठ, कोथिंबीर.

कृती : एक कांदा भाजून खोबरे व आले-लसणाबरोबर वाटा. उरलेले कांदे चिरून तेलात लाल करा. हळद व खिमा घालून गोळे मोडत, पाणी आटेपर्यंत परता. वाटण, मसाला, मीठ, बटाट्याच्या फोडी व वाटीभर गरम पाणी घाला. पातेले निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही थोडे निखारे ठेवा. गॅसवर मंद आच पुरे. अर्ध्या तासाने मटार घालून आणखी पंधरा मिनिटे शिजवा. वरून कोथिंबीर पेरा.

एक मात्र सांभाळा. मटणाला वरून लागलेले जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा डोळ्यांसमोर करून घ्या, त्याच दिवशी शिजवा, कुठेही गुलाबी राहू देऊ नका. घरात फ्रीज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर एका जेवणापुरताच करा. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा हवाच!