तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, पुढे काय?



सातबारा, पीक पाहणी, बँकेचा व्यवहार, मुलांचे प्रवेश अर्ज ही सगळी कामे आता इंटरनेटवर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर उसाची नोंद सातबाऱ्यावर लावायलाही मोबाईल हातात घ्यावा लागतो. गावात रेंज नसेल तर माणूस टेकडी गाठतो नाहीतर तालुका. तेव्हा ही सोय गावात कशी येते आणि कुठे अडते, हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

गावोगाव काचतंतूची म्हणजे ऑप्टिकल फायबरची तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, असा हिशेब होता. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने महाआयटी महामंडळाकडे आले.

ही व्यवस्था कालव्यासारखी आहे. तालुक्याचे दूरध्वनी केंद्र म्हणजे कालव्याचे मुख. तिथून ग्रामपंचायतीपर्यंत तार येते, ती वितरिका. ग्रामपंचायतीतून शाळा, दवाखाना, सोसायटी आणि घरोघर जाणारी तार म्हणजे पोटचारी. कालव्याला पाणी आहे, पण पोटचारीच काढलेली नाही, तर ऊस भिजेल का? पुष्कळ गावांत नेमके असेच झाले. कार्यालयात पेटी बसली, पण वीज गेली की पेटी बंद, आणि पुढे घरोघर तार नेणारा कोणी नाही.

दुसरी अडचण खोदाईची. तार बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने पुरलेली असते. रस्ता रुंदीकरण, नळ योजना किंवा आपल्याच उपसा जलसिंचनाची पाईपलाईन, जेसीबीचा एक घाव बसला की तार तुटते. पहिल्या रचनेत तार एकाच बाजूने येत असे. ती तुटली की पुढची सगळी गावे बंद.

या अनुभवावरून केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार कड्यासारखी गोल फिरवायची आहे. एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहावे. देखभालीची जबाबदारीही कंत्राटदारावर १० वर्षे ठेवली आहे. म्हणजे तार टाकली आणि पैसे घेऊन गेला, असे व्हायला नको.

सहकारी साखर कारखानदारीला हा विषय नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे काही वर्षांनी तिथेच सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावरून उसाच्या वजनाची माहिती देण्याचा प्रयोग झाला. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र कितीही भारी असो, शेतकरी ते वापरतो आपल्या वजनाच्या पावतीसाठी आणि बिलासाठी. ज्या सोयीचा रोज उपयोग होतो, ती टिकते. बाकीची धूळ खात पडते.

मग आपण काय करायचे? येत्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. तार ग्रामपंचायतीत आली आहे का? आली असेल तर चालू आहे का? वीज गेल्यावर बॅटरीची सोय आहे का? बिघाड झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, आणि घरोघर जोडणी कोण देणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तोंडी आश्वासनाला पुढच्या सभेत काही आधार राहत नाही.

आणि रस्त्याकडेला चर खोदण्यापूर्वी ग्रामपंचायतीत सांगावे. खोदाईची आगाऊ सूचना देण्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाईल अॅप आहे. त्यावर जागा कळवली की जमिनीखालच्या तारा-नळांच्या मालकांना निरोप जातो. जेसीबीवाल्यालाही तशी ताकीद द्यावी. आपल्या पाईपलाईनसाठी खालच्या दहा गावांचे काम बंद पडू नये. पाटाचे पाणी जसे वरच्याने खालच्यासाठी राखायचे असते, तशीच ही तारही राखावी लागेल.