अबोली: फिकट रंगाचा बोलका प्रवास

मराठीने रंगांची नावे बहुतेक स्वयंपाकघरातून आणि फळबाजारातून उचलली: डाळिंबी, आमसुली, वांगी, लिंबू, बदामी. फुलांच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले. गुलाबी, गुलबक्षी, कुसुंबी हे सगळे ठसठशीत. फिकट रंगांत ठळकपणे आठवते ती अबोली. नारिंगीत दूध घालावे आणि वर गुलाबीची झाक यावी, असा हा रंग.

झुडूप कोरांटीच्या कुळातले, मूळ भारत आणि श्रीलंकेचे. फुलाला वास नाही, म्हणून गजऱ्यात मोगऱ्याची किंवा मरव्याची सोबत लागते. पण ते लवकर कोमेजत नाही. गोव्यात त्याचे वळेसर माळतात. माटुंग्याच्या फुलबाजारात तेच कनकांबरम होते. तमिळ-कानडी मंडळींना या फुलात सोने दिसले, आपल्या कानांना मात्र त्यात अबोला ऐकू येतो.

जुन्या काव्यात फुलांचा फिकटपणा कामाला आला तो मुख्यतः कांती सांगायला. ‘मेघदूता’तल्या अलकानगरीच्या स्त्रिया लोध्राच्या परागांनी चेहरा पांडुर करतात, केसांत कुंद आणि कुरबक, कानावर शिरीष. मराठीतही नाक चाफेकळी आणि गोरेपण केतकीचे. अबोली या गोऱ्या यादीत बसली नाही. तिला देह मिळाला नाही, वस्त्र मिळाले: अबोली पैठणी, अबोली शालू. मला हे तिचे भाग्यच वाटते.

पुढे ती मुलीचे नाव झाली आणि नावाबरोबर स्वभावही चिकटला. रेणुका शहाणे यांची भूमिका असलेला ‘अबोली’ चित्रपट १९९५ चा. स्टार प्रवाहवरची याच नावाची मालिका २०२१ ची. नायिकेचे नाव अबोली ठेवले की निम्मे पात्र लिहून झाले, अशी सोय लेखकाला आपोआपच मिळते. सोसणे आणि गप्प राहणे नावातच आलेले असते.

हा संकेत मोडला तो साहित्याने नव्हे, परिवहन खात्याने. दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना, २०१६ मध्ये, राज्यात रिक्षा परवान्यांपैकी पाच टक्के महिलांसाठी राखून ठेवले गेले आणि त्यांच्या रिक्षांना अबोली रंग ठरला. मुंबई बेटावर रिक्षेला मज्जाव, त्यामुळे मुंबईत हा रंग उपनगरांच्याच वाट्याचा. काळ्या-पिवळ्यांच्या गर्दीत वेगळी दिसावी म्हणून निवडलेली ही छटा. आता जरा अंधेरी स्टेशनबाहेरचा रिक्षावाल्यांचा व्यवहार आठवा. रांगेतली जागा, जवळच्या भाड्याला नकार, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, मागच्या बसचा भोंगा. इथे गप्प बसणारीचे मीटर पडणार नाही. ज्या रंगाच्या नावात मौन ऐकू येते, तो नेमका आवाज चढवावा लागणाऱ्या बाईला मिळाला. ठरवणाऱ्यांच्या हे ध्यानात आले असेल असे वाटत नाही. बाई म्हणजे नाजूक, एवढाच हिशोब असावा. शिवाय वेगळ्या रंगामुळे ती लांबून ओळखू येते, आणि ओळखू येण्याचे जसे फायदे तसा जाचही. पण शब्द मात्र सरकारी कागदावर चढला, रस्त्यावर आला.

दुकानांत त्याची पीछेहाट कधीच सुरू झाली होती. अंधेरीत साडीच्या दुकानात अबोली मागितली तर विक्रेता घडी उलगडत ‘पीच’ म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. अमेरिकेच्या पँटोन कंपनीने २०२४ चा रंग म्हणून ‘पीच फझ’ जाहीर केला, तेव्हा त्याचे कौतुक मराठी घरांतही झाले. आजीच्या ट्रंकेत तशाच छटेचे लुगडे असल्याचे कितीजणींना आठवले असेल कोण जाणे. त्याच वर्षी राज्य सरकारने महिलांसाठी नवी रिक्षा योजना आणली. रंग बदलला, आणि रंगाची भाषाही. योजनेचे नाव ‘पिंक ई-रिक्षा’. गुलाबी हा शब्द तरी कुठे महाग होता?