गच्चीवर पवनचक्की लावायचीय? खांब उभा करायच्या आधी हे वाचा

होमस्टे, पोल्ट्री, ढाबा किंवा छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या बऱ्याच जणांचा मला एकच प्रश्न असतो. "सर, सोलर तर आहेच, पण पावसाळ्यात मार खातो. सोबतीला छोटी पवनचक्की लावली तर?" विचार चांगलाच आहे. आपल्याकडे जून ते ऑगस्ट वारा जोरात असतो आणि तेव्हाच ऊन नसतं, म्हणजे जोडी जमते. व्हिडिओत मी मशीनबद्दल बोललो, पण परवानगीचा भाग पाच मिनिटांत उरकला. तो इथे नीट सांगतो, कारण त्यात मी स्वतः पैसे घालवलेत.

2021 मध्ये मी माझ्या दुकानाच्या इमारतीवर 1 किलोवॅटची चक्की लावली. पात्यांचा व्यास 2 मीटर, खांब 6 मीटर. गच्चीची किल्ली माझ्याकडे, बिल माझं, मग कुणाला काय विचारायचं? पहिला जोराचा वारा आला तशी खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप उडाली. खांबाचा थरथराट स्लॅबमधून थेट त्यांच्या बेडरूमच्या छतात उतरत होता. त्यांनी दोनदा प्रेमाने सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी तक्रार दिली. नोटीस आली, त्यात विचारलं होतं की मंजूर नकाशात हे कुठे आहे? कुठेच नव्हतं. खांब, वेल्डिंग आणि मजुरी मिळून जवळपास 40 हजार गेले, चक्की आजही गोदामात पडून आहे. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

मुळात अडचण अशी की चक्कीला उंची हवी आणि नियमांना उंचीच खुपते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. माझ्या त्या 2 मीटरच्या चक्कीचाच हिशोब बघा. वारा सेकंदाला 12 मीटर असेल, म्हणजे ताशी 43 किलोमीटर, तेव्हा ती साधारण 1 किलोवॅट देते. तोच वारा 5 मीटरवर आला तर जेमतेम 70 वॅट! डब्यावर लिहिलेला 1 किलोवॅट हा जोराच्या वाऱ्यातला आकडा असतो, हे विक्रेता बोलत नाही. त्यात शेजारची इमारत, झाड, पाण्याची टाकी यांच्या आड वारा घुसळून निघतो. म्हणून जाणकार सांगतात की 300 फुटांच्या परिसरात जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर किमान 30 फूट पाती हवीत. आता गावातल्या तीन मजली इमारतीवर हे करून दाखवा!

म्हणजे परवानगी उंचीची मागायची. पण कुणाकडे?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. जमिनीत, जमिनीवर किंवा तिच्या वर केलेलं बांधकाम आणि अभियांत्रिकी काम त्यात येतं. "हा तर नुसता पाईप आहे" हे उत्तर तिथे टिकत नाही. त्याखाली 2020 च्या डिसेंबरपासून बहुतेक राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिलाच यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान यांसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेल्या भागांतही वेगळे निर्बंध आहेत. होमस्टेवाले नेमके तिथेच जास्त, म्हणून त्यांनी आधी ते वाचावेत. कोकणात भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेड बघावंच लागेल.

यूडीसीपीआरमध्ये सोलर वॉटर हीटर, छतावरचं सोलर, पावसाचं पाणी साठवणं यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यामुळे लोकांचा समज होतो की सोलर चालतं तर चक्कीपण चालेल. तसं धरू नका. सोलर पॅनेल गप्प पडून असतं. चक्की फिरते, आवाज करते, तुटली तर पातं लांब उडतं.

पहिलं काम म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. जागा निवासी, वाणिज्य, औद्योगिक की शेती विभागात आहे ते कागदावर कळू द्या. शहरात नगरपालिका-महापालिकेचा नगररचना विभाग, गावठाणात ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना शाखा. मग मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडे जा आणि चक्की त्यात दाखवून सुधारित मंजुरी लागेल का ते विचारा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र सोबत असू द्या, कारण स्लॅबवर नुसतं वजन येत नाही, वाऱ्याचा आडवा ओढा येतो आणि कंपनं येतात. माझं तिथेच चुकलं.

जमिनीवर खांब उभा करणार असाल तर सामासिक अंतराचा विचार आधी करा. खांब पडला तर कुणाच्या हद्दीत पडेल? इंग्लंडचा नियम इथे समजायला सोपा आहे. तिथे घरगुती वापराची, जमिनीवर उभी चक्की ठरावीक अटींत अर्ज न करता लावता येते: पात्याच्या टोकापर्यंत उंची 11.1 मीटरपेक्षा जास्त नको आणि हद्दीपासूनचं अंतर उंचीपेक्षा 10 टक्के जास्त हवं. आपल्याला तो नियम लागू नाही, पण जागा आखताना हीच टेप लावा. तीन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये हे अंतर चारही बाजूंनी सुटतं का ते लगेच कळतं. उंची नेहमी पात्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजायची, खांबापर्यंत नाही.

विमानतळ जवळ असेल तर आणखी एक नकाशा बघावा लागतो. 2015 च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळांभोवती रंगीत नकाशे आहेत, प्रत्येक रंगाला उंचीची मर्यादा. ही उंची समुद्रसपाटीपासून धरतात! तुमची जागा टेकडीवर असेल तर खांब छोटा असूनही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लाल पट्ट्यात विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथे हवाई दलाकडे जावं लागतं.

आवाजाचे आकडे पाठच करून ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, वाणिज्य भागात 65 आणि 55. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. चक्की रात्री बंद होत नाही, म्हणून तुमचा आकडा 45. विक्रेत्याकडून आवाजाचा चाचणी अहवाल लेखी मागा. दिला नाही तर दुसरा विक्रेता बघा.

सोसायटीत किंवा भाड्याच्या गाळ्यात असाल तर गच्ची तुमची नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा मालकाचं लेखी संमतीपत्र, दोन्हींपैकी जे लागू असेल ते आधी. तोंडी "हो हो, लावा की" हे तक्रार आली की कुणाला आठवत नाही.

विजेचं त्यामानाने सोपं आहे. बॅटरीवर चालवणार असाल तर नेट मीटरिंगचा प्रश्नच नाही. ग्रीडला जोडायची असेल तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे 2019 चे नियम बघा. त्यांच्या नावात सोलर नाही, नवीकरणीय ऊर्जा आहे. मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा मागू नका.

आता माझ्याकडे कुणी चक्कीचं कोटेशन मागितलं की मी मशीनची किंमत देतच नाही. आधी झोन दाखला, मंजूर नकाशा आणि चारही बाजूंचे मोबाईलवर काढलेले फोटो मागतो. त्यानंतर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि अर्जाची फी यांची वेगळी ओळ टाकून आकडा देतो. पाचपैकी तिघं त्या ओळीवर थांबतात आणि सोलरला दोन पॅनेल वाढवून घेतात. माझी विक्री तरीही होते.