चलनबाजार : दहा टक्क्यांचा मोह आणि सबुरीचे गणित

शेअर बाजाराची सवय असलेला गुंतवणूकदार चलनबाजाराकडे वळतो, तेव्हा त्याला प्रथम जाणवतो तो भावांचा संथपणा. चांगल्या कंपनीचा शेअरही दिवसात दोन-तीन टक्के वर-खाली होतो. डॉलरचा रुपयातील भाव मात्र एरवी काही पैशांनीच हलतो. डिसेंबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात तर तो ८२ ते ८४ रुपयांच्या पट्ट्यातच घुटमळत राहिला. तरीही महिन्याला दहा टक्के नफ्याची अपेक्षा घेऊन अनेक नवखे या बाजारात उतरतात. या अपेक्षेचे मूळ 'मार्जिन'च्या गणितात आहे.

राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाले. एक करार हजार डॉलरचा. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर कराराचे मूल्य ८५ हजार रुपये होते. पण एवढी रक्कम भरावी लागत नाही. समजा, अडीच हजार रुपये मार्जिनवर करार घेतला आणि डॉलर २५ पैशांनी वधारला, तर नफा २५० रुपये. डॉलर हलला जेमतेम ०.३ टक्के, भरलेल्या रकमेवर नफा मात्र दहा टक्के! नवख्याच्या मनात ठसतो तो हा दुसरा आकडा. दरमहा दहा टक्के खरोखरच मिळत राहिले, तर एका लाखाचे पाच वर्षांत तीन कोटींहून अधिक होतील, हा साधा हिशेब सहसा कोणी करून पाहत नाही.

याच गणिताने डॉलर अडीच रुपयांनी उतरला की भरलेले मार्जिन पूर्ण संपते. एवढी हालचाल विरळा, पण अशक्य नव्हे. २८ ऑगस्ट २०१३ या एकाच दिवशी रुपया अडीच रुपयांहून अधिक घसरून डॉलरला ६८ च्या पलीकडे गेला होता. त्या दिवशी डॉलर विकून बसलेल्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

'स्टॉप लॉस' लावला की तोट्याला मर्यादा पडते, हा दिलासाही अर्धाच खरा. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचे धोरण राबवले आणि १५ जानेवारी २०१५ रोजी ते अचानक सोडले. काही मिनिटांत भाव असा कोसळला की ठरवलेल्या पातळीवर समोर खरेदीदारच उरला नाही. अनेक ग्राहकांची खाती शून्याच्याही खाली गेली, काही दलाल संस्था अडचणीत आल्या. युरोपातील नियामकांनी २०१८ मध्ये चलनासह अशा कर्जाऊ बळावरील 'सीएफडी' करारांच्या किरकोळ ग्राहकांचा आढावा घेतला, तेव्हा ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात असल्याचे दिसले. त्यानंतर प्रमुख चलनजोड्यांसाठी मार्जिनच्या ३० पटींची कमाल मर्यादा घालण्यात आली.

भारतात आणखी एक अट आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार रुपयाशी निगडित वायद्यांमागे परकीय चलनाची खरी देणी-घेणी असावी लागतात. ठरावीक मर्यादेपर्यंत कागदपत्रे मागितली जात नाहीत, एवढेच. मे २०२४ मध्ये ही तरतूद लागू झाली आणि बाजारातील उलाढाल एकदम आटली, यावरून आधीचे व्यवहार कशासाठी होत होते, ते उघड होते. परदेशी ॲपवर मार्जिन पाठवून सट्टा करण्याची वाट तर कायद्यालाच मान्य नाही. अशा अनधिकृत मंचांची सावधानता यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली.

मग नवख्याने अपेक्षा ठेवावी तरी कोणती? मुलीच्या परदेशी विद्यापीठाची दोन हजार डॉलर फी सहा महिन्यांनी भरायची आहे, असे समजू. वरील मार्जिनच्या हिशेबाने खात्यातील एका लाखावर चाळीस करार घेता येतील. गरज मात्र दोनचीच आहे. उरलेली रक्कम गुंतवायची राहिली असे नव्हे. प्रतिकूल दिवसांत रोजचा तोटा भरून व्यवहार टिकवण्यासाठी ती लागते. या दोन करारांतून श्रीमंती येणार नाही. डॉलर वधारला, तर महागलेल्या फीची भरपाई वायद्यातील नफ्यातून बव्हंशी होईल. उतरला, तर वायद्यात तोटा दिसेल, पण फीचे डॉलर जवळपास तेवढ्यानेच स्वस्त मिळतील.