विंचवाचं विष आणि प्राझोसिन

ग्राही : रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर अ‍ॅड्रेनालिनचे ग्राही (रिसेप्टर) असतात. अल्फा-१ चेतला की वाहिनी आकसते. बीटा-२ चेतला की सैलावते. वाहिनी सैल करण्याचे म्हणून दोन मार्ग : अल्फा अडवा किंवा बीटा-२ चेतवा.

प्राण्यांवरचे प्रयोग : १९०६, हेन्री डेल. मांजराला आधी अरगट दिलं, मग अ‍ॅड्रेनालिन. रक्तदाब चढायचा तो उतरला! अरगटमुळे अल्फा बंद पडल्यावर उरलेल्या बीटाचा हा परिणाम. अल्फा-बीटा ही विभागणी मात्र १९४८ची, रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांची.

लाल विंचू : विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियम-वाहिन्या वेळेवर मिटत नाहीत. अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात उसळतात. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार. वाहिन्या आकसल्याने हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी साठतं. मृत्यू बहुधा त्यानेच.

महाड : डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं जन्मगाव देहेड, बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातलं. काम रायगडमधल्या महाडचं. अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन विंचूदंशावर वापरल्याचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. पद्मश्री २०२२.

प्रतिविष : विष निकामी करतं, प्राझोसिन विषाचा परिणाम रोखतं. २०११ साली ‘बीएमजे’त आलेल्या महाडच्या चाचणीत ७० रुग्ण होते. दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, फक्त प्राझोसिनवरचे १७.७ तासांत.

जपून : पहिल्या मात्रेनंतर उभं राहताच रक्तदाब कोसळू शकतो, त्यामुळे रुग्णाला आडवंच ठेवतात. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.